संकेतस्थळांची भाररेषा

भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमाने सुरू केली, तेव्हा दूरध्वनीच्या तारेवरून सेकंदाला जेमतेम 9.6 किलोबिट माहिती येत असे, आणि आठ बिटांचा एक बाइट या हिशेबाने तीस किलोबाइटचे साधे मजकुराचे पान उमटायला 25 सेकंद लागत. आज मालवण, कुडाळ किंवा कणकवलीच्या बाजारपेठेत उभ्या असलेल्या माणसाच्या मोबाइलवर सेकंदाला दहा-वीस मेगाबिट, म्हणजे त्या काळच्या हजार-दोन हजार पट माहिती येऊ शकते, आणि तरीही संकेतस्थळ उघडताना त्याला पांढरा पडदा, फिरणारे वर्तुळ, वाचता वाचता खाली सरकणारा मजकूर आणि बोट टेकवूनही प्रतिसाद न देणारे बटण यांचा अनुभव रोज येतो. वेग वाढूनही प्रतीक्षा का संपली नाही, हा प्रश्न वरवर तांत्रिक दिसत असला, तरी सातबारा, दाखले, परीक्षेचे निकाल, रेल्वेचे आरक्षण आणि हवामानाचा इशारा ही सारी कामे आता संकेतस्थळांवरून होत असल्यामुळे तो नागरिकाच्या वेळेचा आणि हक्काचाही प्रश्न झाला आहे.

या प्रश्नाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्यावर स्पष्टपणे आढळतात. पहिली दृष्टी सगळा दोष जाळ्याला, म्हणजे टॉवर, केबल आणि रेंज यांना देते. दुसरी दृष्टी तो दोष पानांच्या रचनेत शोधते. पुढील संवादात पहिली बाजू दूरसंचार खात्यात आयुष्य घालवलेला एक निवृत्त अभियंता मांडतो आणि दुसरी बाजू किनाऱ्यावरील न्याहारी-निवासांची व आंबा बागायतदारांची संकेतस्थळे तयार करणारी एक तरुण रचनाकार मांडते. ही दोन्ही पात्रे विशिष्ट व्यक्ती नसून दोन विचारांचे प्रतिनिधी आहेत.

अभियंता : बाय, पान हळू उघडते म्हणून पानाला दोष देण्यापूर्वी या जिल्ह्याची जमीन पाहायला हवी. एका बाजूला सह्याद्रीचे उतार, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये जांभ्याचे सडे, खाड्या आणि माड-पोफळीच्या दाट बागा, आणि घरे एकाच गावठाणात नसून वाड्यावाड्यांत विखुरलेली, अशी इथली रचना आहे. रेडिओ लहरीची वारंवारता जितकी जास्त तितका रुंद पट्टा साधारणपणे तिला मिळतो आणि ती माहिती अधिक वाहू शकते, पण डोंगर, भिंत आणि पावसात भिजलेली पाने तिला तितक्याच लवकर अडवतात. म्हणून तीन हजार मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यातील फाइव्ह-जी शहराच्या चौकात तळपते आणि वाडीच्या वळणावर विझते. त्यात टॉवरची क्षमता सर्वांमध्ये वाटली जाते. मसुऱ्याच्या आंगणेवाडीत भराडी देवीच्या यात्रेला लाखो भाविक जमतात, तेव्हा तोच टॉवर आणि तीच केबल असूनही प्रत्येकाच्या वाट्याला थेंबभर वेग येतो. वीज गेली की टॉवरही काही तासांत मुका होतो, हे या किनाऱ्याने मे 2021 मधील तौक्ते वादळात पाहिले आहे. 2020 च्या टाळेबंदीत कणकवली तालुक्यातील एका विद्यार्थिनीला ऑनलाइन वर्गासाठी रेंज मिळेल अशा डोंगरावर झोपडी उभारावी लागली. तिच्यापुढचा अडथळा पानाचे वजन हा नव्हता, जाळ्याचा अभाव हा होता. ब्रॉडबँड म्हणजे किमान किती वेग, याची सरकारी व्याख्यासुद्धा 2004 मध्ये सेकंदाला 256 किलोबिट, 2013 मध्ये 512 किलोबिट आणि 2023 मध्ये 2 मेगाबिट अशी वाढत गेली आहे, म्हणजे जाळे अपुरे आहे हे राज्यकर्त्यांनीही मान्य केले आहे. तेव्हा आधी केबल आणि टॉवर, मग बाकीची चर्चा.

रचनाकार : काका, जिथे रेंजच पोहोचत नाही तिथे तुमचे म्हणणे निर्विवाद आहे, आणि त्या डोंगरावरच्या झोपडीला पानाची कोणतीही सुधारणा उत्तर देऊ शकली नसती. पण तेच पान मुंबईत किंवा पुण्यात घरापर्यंत आलेल्या फायबरवरसुद्धा रेंगाळते, याचा उलगडा जाळ्याच्या अभावाने होत नाही. एचटीटीपी आर्काइव्ह हा प्रकल्प 2010 पासून जगभरातील संकेतस्थळांची मोजदाद करतो. त्याच्या नोंदींनुसार संगणकावर उघडणाऱ्या पानाचे मध्यक वजन, म्हणजे निम्मी पाने ज्याहून हलकी आणि निम्मी ज्याहून जड असतात ते वजन, 2010 च्या अखेरीस सुमारे 470 किलोबाइट होते आणि 2024 मध्ये ते सुमारे 2.6 मेगाबाइट झाले, तर मोबाइलवर उघडणारे पान त्याच वर्षी सुमारे 2.3 मेगाबाइटवर पोहोचले. 1995 च्या तारेवर हे मोबाइलचे पान उतरवायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागला असता. रस्ता रुंद झाला हे खरे, पण त्यावरून जाणारी गाडी प्रत्येक वर्षी अधिक भरली गेली. प्रोग्राम जितक्या झपाट्याने जड होतात तितक्या झपाट्याने यंत्रे वेगवान होत नाहीत, हे संगणकशास्त्रज्ञ निक्लाउस विर्थ यांनी 1995 मध्येच मांडले होते, आणि संकेतस्थळे त्या निरीक्षणाचे सर्वांत ठळक उदाहरण ठरली आहेत.

अभियंता : हा हिशेब पूर्ण करून पाहू. 2.3 मेगाबाइट म्हणजे सुमारे 18 मेगाबिट, आणि सेकंदाला 20 मेगाबिट वाहणाऱ्या जोडणीवर ते एका सेकंदाच्या आत यायला हवेत. कुडाळच्या बाजारात एवढा वेग अनेकदा मिळतो, तरी पान चार-पाच सेकंद घेते. म्हणजे नुसत्या वजनाने हे कोडे सुटत नाही, आणि गाडी व रस्ता ही तुलना अपुरी पडते.

रचनाकार : अगदी बरोबर, आणि नेमकी याच ठिकाणी बहुतेकांची समजूत चुकते. जोडणीची जाहिरात ज्या आकड्याने होते तो तिच्या वहनक्षमतेचा, म्हणजे बँडविड्थचा आकडा असतो. एका वेळी किती माल जाऊ शकतो एवढेच तो सांगतो. मागणी गेल्यापासून उत्तराचा पहिला कण परत येईपर्यंत जो वेळ जातो त्याला विलंब किंवा लेटन्सी म्हणतात, आणि तो त्या आकड्यात कुठेच नसतो. मालवणच्या जेटीवरून समोरच्या सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होडीचा विचार करावा. किल्ल्यात राहणाऱ्या घराने तांदूळ मागवला, तो आल्यावर मीठ लागणार हे कळले, मीठ आल्यावर आगपेटी हवी हे लक्षात आले, तर होडी तीनदा जाणार आणि तीनदा येणार. होडी दुप्पट मोठी केली म्हणून या फेऱ्यांपैकी एकही वाचणार नाही, कारण खर्च मालाचा नसून फेऱ्यांचा आहे. संकेतस्थळही असेच मागवले जाते. आधी नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधण्याची एक फेरी, मग जोडणी जुळवण्याची एक, मग गुप्ततेची किल्ली ठरवण्याची एक, आणि मग पानाच्या मागणीची एक. एका फेरीला शंभर मिलिसेकंद लागत असतील, तर पहिले अक्षर येण्याआधीच 0.4 सेकंद संपतात. अशक्त रेंजमध्ये एका फेरीला तीनशे मिलिसेकंद लागले, तर 1.2 सेकंद जातात. गुगलमधील अभियंता माइक बेल्शी यांनी 2010 मध्ये केलेल्या प्रयोगात वहनक्षमता सेकंदाला 5 मेगाबिटवरून 10 मेगाबिट केल्यावर पान उघडण्याचा वेळ केवळ पाच टक्क्यांच्या आसपास कमी झाला. उलट फेरीचा वेळ जसजसा घटवला, तसतसा पानाचा वेळ सरळ प्रमाणात घटत गेला.

अभियंता : फेरीचे हे गणित दूरसंचाराच्या माणसाला परके नाही. त्यात आणखी एक गोष्ट जोडायला हवी, ती म्हणजे जोडणी जुळली तरी सर्व्हर सारा माल एकदम सोडत नाही. 1986 च्या सुमारास इंटरनेटवर इतकी कोंडी होऊ लागली की वाहतूक जवळजवळ थिजत असे, आणि त्यावर उपाय म्हणून व्हॅन जेकबसन यांनी 1988 मध्ये मंदारंभाची पद्धत मांडली, ज्यात सर्व्हर आधी थोडा माल पाठवतो, तो सुखरूप पोहोचल्याची पावती आली की पुढच्या फेरीला दुप्पट पाठवतो. 2013 च्या सुधारित शिफारशीनुसार पहिल्या फेरीत साधारण 14 किलोबाइट जातात, मग 28, मग 56. म्हणजे तीन फेऱ्यांत शंभर किलोबाइटच्या आसपास माल पोहोचतो, आणि दोन-अडीच मेगाबाइटसाठी आठएक फेऱ्या लागतात. तार कितीही रुंद असली तरी सुरुवातीच्या या फेऱ्या चुकत नाहीत, हे मान्य. पण त्याचबरोबर हेही मान्य करायला हवे की अभियंते स्वस्थ बसलेले नाहीत. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, त्यामुळे मुंबईच्या सर्व्हरपर्यंतचे अंतर काही मिलिसेकंदांचेच आहे, आणि दूरदेशीच्या पानाची प्रत जवळच्या शहरात ठेवणारी वितरणजाळी पंचवीस वर्षांहून अधिक काळ काम करीत आहेत. 2018 मध्ये आलेल्या गुप्ततेच्या नव्या प्रमाणाने एक फेरी वाचवली, आणि 2022 मध्ये प्रमाणित झालेल्या एचटीटीपी-3 ने जोडणी व किल्ली यांच्या फेऱ्या एकत्र केल्या. मग या वाचलेल्या फेऱ्या गेल्या कुठे?

रचनाकार : त्या फेऱ्या पानांनीच पुन्हा खर्च केल्या. 1865 मध्ये अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी दाखवून दिले होते की वाफेचे इंजिन कमी कोळशात चालू लागले तेव्हा कोळशाचा एकूण खप घटला नाही, वाढला. साधन स्वस्त झाले की त्याचा वापर पसरतो. संकेतस्थळांचे तसेच झाले. आज एका पानासाठी मोबाइलला साठ-सत्तर वेगवेगळ्या वस्तू मागवाव्या लागतात, आणि त्यांतील अनेक त्या संकेतस्थळाच्या मालकाच्या नसतातच. जाहिरातीचा लिलाव करणारे, वाचकाची हालचाल मोजणारे, गप्पांची खिडकी उघडणारे आणि समाजमाध्यमांची बटणे आणणारे प्रोग्राम निरनिराळ्या सर्व्हरवरून येतात, त्यांतील एक प्रोग्राम आल्यावर तो दुसऱ्याला बोलावतो आणि दुसरा तिसऱ्याला. प्रत्येक नव्या सर्व्हरसाठी पत्ता, जोडणी आणि किल्ली यांच्या फेऱ्या पुन्हा सुरू होतात. मे 2018 मध्ये युरोपात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू झाला, तेव्हा अमेरिकेतील एका मोठ्या वृत्तपत्राने युरोपातील वाचकांसाठी हे पाळत ठेवणारे प्रोग्राम काढून टाकलेली आवृत्ती दिली. त्या वेळी केलेल्या एका मोजणीत नेहमीचे पान 5.2 मेगाबाइटचे आणि 45 सेकंद घेणारे निघाले, तर ही आवृत्ती अर्ध्या मेगाबाइटची आणि तीन सेकंदांत उघडणारी निघाली. बातम्या दोन्हींकडे त्याच होत्या. वाचक ज्याची वाट पाहत होता त्यातील बराच भाग त्याच्यासाठी नव्हताच, हे यातून उघड झाले.

या टप्प्यावर संवादातील पहिली दृष्टी काहीशी मागे हटते, पण दुसऱ्या दृष्टीचे स्पष्टीकरण अजून अपुरे आहे, कारण माल मोबाइलवर पोहोचल्यानंतर तिथे काय होते याचा विचार त्यात आलेला नाही. चित्र आले की ते उलगडून दाखवायचे असते, परंतु जावास्क्रिप्ट या भाषेत लिहिलेला प्रोग्राम आला की तो आधी दाबलेल्या स्थितीतून मोकळा करावा लागतो, मग वाचावा, यंत्राच्या भाषेत बदलावा आणि चालवावा लागतो. 2024 च्या नोंदींनुसार मोबाइलच्या मध्यक पानात असे साडेपाचशे किलोबाइटहून अधिक प्रोग्राम असतात, आणि मोकळे झाल्यावर त्यांचे आकारमान कित्येक पटींनी वाढते. हे बहुतेक काम ब्राउझरच्या एकाच मुख्य धाग्यावर चालते, म्हणजे एका वेळी एकच काम करणाऱ्या रांगेत चालते, आणि बोटाच्या स्पर्शाला उत्तर देण्याचे कामही त्याच रांगेत उभे असते. महाग मोबाइल आणि स्वस्त मोबाइल यांच्या प्रक्रियाशक्तीत अनेक पटींचा फरक असल्यामुळे जे पान शहरातील रचनाकाराच्या हातात क्षणात जागे होते, तेच पान पाच वर्षे जुन्या मोबाइलवर दिसते पण हलत नाही. रेंजच्या चारही काड्या पूर्ण असताना बटण दाबले जात नाही, त्याचे कारण बहुधा हेच असते. स्पर्शापासून प्रतिसादापर्यंतचा वेळ 200 मिलिसेकंदांच्या आत असावा, हा निकष गुगलने मार्च 2024 पासून पानांच्या गुणवत्तेच्या मुख्य मापांत घेतला, तो या कारणानेच.

अभियंता : एवढे ऐकल्यावर पान जड का होते याचे तांत्रिक उत्तर मिळते, पण ते जड करणाऱ्यावर अन्याय होऊ नये. तारकर्लीत दोन खोल्यांचे न्याहारी-निवास चालवणारी बाई पर्यटकाला समुद्र दाखवूनच बोलावू शकते, आणि देवगडचा बागायतदार हापूसची पेटी थेट मुंबईच्या ग्राहकाला विकतो तेव्हा फळाचे छायाचित्र हीच त्याची तोंडओळख असते. 1997 मध्ये हा जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्याचे पोट चित्रांवर चालते. शिवाय गुप्ततेच्या फेऱ्या नकोत असे कोणी म्हणणार नाही, कारण त्यांच्याशिवाय पैशांचा व्यवहार सुरक्षित राहत नाही. मराठीला देवनागरीचा टंक लागतो आणि जोडाक्षरांमुळे तो रोमन टंकापेक्षा जड असतो. शेवटी या माणसांकडे संकेतस्थळ घडवून घ्यायला मोठा खर्च करण्याची ऐपत नसते, म्हणून ती तयार साचा विकत घेतात, आणि साच्यात नको असलेल्या शंभर सोयी भरलेल्या असतात. यात लोभ कुठे आहे?

रचनाकार : लोभ नाही, हे मान्यच आहे, आणि चित्रे काढून टाका असे सांगणे म्हणजे या किनाऱ्याला मुका करणे होईल. पण होडीत उतारू आणि नीरम यांत फरक असतो. नीरम म्हणजे होडी स्थिर राहावी म्हणून तळाशी घातलेले दगड. छायाचित्र हा उतारू आहे. मात्र मोबाइलने काढलेले चार मेगाबाइटचे छायाचित्र जसेच्या तसे चढवले, तर त्यातील बहुतेक बिंदू तळहाताएवढ्या पडद्यावर दिसूच शकत नाहीत. तेच चित्र पडद्याच्या मापाचे करून वेबपी किंवा तत्सम नव्या पद्धतीने साठवले, तर ते शंभर-दीडशे किलोबाइटमध्ये मावते आणि समुद्राचा निळा रंग तसाच राहतो. खालची चित्रे वाचक तिथे पोहोचेपर्यंत मागवायचीच नाहीत, अशी सोयही ब्राउझरमध्ये आहे. देवनागरीचा प्रश्न खरा आहे, पण त्याचेही मोजमाप करावे. युनिकोडच्या प्रचलित साठवणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणून अडीच हजार शब्दांचा मराठी लेख साधारण 50 किलोबाइटचा होतो, आणि दाबून पाठवला तर त्याहून खूपच कमी. टंक मोबाइलमध्ये आधीच असतो तो वापरला, तर बाहेरून आणावाच लागत नाही. पूर्वी मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे आपापले टंक वापरत आणि वाचकाला ते उतरवून घ्यावे लागत. युनिकोडने ते ओझे उतरवले, आणि आता शोभेसाठी चार जाडींचे टंक मागवून तेच ओझे पुन्हा चढवले जाते. मजकूर कधीच जड नव्हता, काका. लघुसंदेशात 140 बाइट, म्हणजे देवनागरीची 70 चिन्हे मावतात, आणि हैदराबादची इन्कॉइस ही संस्था मच्छीमारांना समुद्राच्या स्थितीची व संभाव्य मत्स्यक्षेत्रांची माहिती ज्या अनेक मार्गांनी देते त्यांत असा लघुसंदेशही आहे. वादळाच्या तोंडावर जीव वाचवणारी माहिती सत्तर चिन्हांत बसू शकते. तीच माहिती दोन मेगाबाइटच्या पानात गुंडाळली, तर जेटीवरच्या माणसाला ती उशिरा मिळते.

अभियंता : आता मुख्य आक्षेप. हलक्या पानांचा असा आग्रह धरला, तर उद्या सरकार आणि कंपन्या म्हणतील की कोकणाला जाड केबलची गरज काय, त्यांच्यासाठी पातळ पाने आहेत. मोठ्या शहरांना पूर्ण संकेतस्थळ आणि खेड्यांना त्याची लाइट आवृत्ती, अशी दोन ताटे मांडली जातील. ग्रामपंचायतीपर्यंत काचेचा तंतू नेण्याचा जो प्रकल्प 2011 मध्ये मंजूर झाला आणि पुढे भारतनेट म्हणून ओळखला गेला, त्याचा आधार असा आहे की खेडे दुय्यम नाही. पान हलके करणे हा त्या हक्काचा त्याग ठरू नये.

रचनाकार : हा आक्षेप या साऱ्या चर्चेतील सर्वांत मोलाचा आहे, आणि त्याचे उत्तर एवढेच की दोन ताटे मांडायचीच नाहीत. पान एकच असावे, त्याचा मजकूर आणि मुख्य बटण पहिल्या शंभर किलोबाइटमध्ये, म्हणजे पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत पोहोचावे, आणि ज्याची जोडणी व मोबाइल सशक्त आहे त्याला पुढची शोभा त्याच पानावर मिळत जावी. आणि केबलची मागणी सोडण्याचे तर कारणच नाही, कारण हलके पान हेच केबलच्या गरजेचा पुरावा देते. यूट्यूबमधील क्रिस झकारियास या अभियंत्याने 2009 च्या सुमारास व्हिडिओचे 1.2 मेगाबाइटचे पान छाटून 98 किलोबाइटवर आणले. अपेक्षा अशी होती की उघडण्याचा सरासरी वेळ घटेल, पण तो वाढला. शोध घेतल्यावर कळले की आग्नेय आशिया, दक्षिण अमेरिका, आफ्रिका आणि सायबेरिया यांसारख्या प्रदेशांतील वाचक आता पहिल्यांदाच मोठ्या संख्येने येऊ लागले होते. त्यांना हलके पान उघडायला दोन मिनिटे लागत होती. जुने पान त्यांना वीस मिनिटे घेत असे, म्हणून ते उघडण्याच्या फंदातच कोणी पडत नसे. जे कंटाळून परत गेले त्यांची नोंद मोजणीत नसते, आणि म्हणून पान जितके जड तितकी त्याची सरासरी फसवी होते, कारण त्यात फक्त सशक्त जोडणीचे लोक उरतात.

अभियंता : या एका उदाहरणाने जुन्या खात्याची तक्रारवही आठवते. त्या वहीत फोन बंद पडलेल्यांची नावे असत, पण ज्यांना वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत राहून फोनच मिळाला नव्हता त्यांचे नाव त्या वहीत कधीच येत नसे, आणि वही कोरी दिसली की सेवा उत्तम आहे असा समज होई. जे जाळ्यात आलेच नाहीत त्यांना मोजण्याचे साधन तेव्हा नव्हते, आणि पानांच्या बाबतीत आजही नसेल, तर केबल टाकूनही ती वही कोरीच राहील. पण मग प्रश्न असा उरतो की सर्वांना हे कळत असताना पाने जड होणे थांबत का नाही?

रचनाकार : कारण भार चढवणारा एक असतो आणि तो वाहणारा दुसरा. संकेतस्थळावर आणखी एक मोजणी करणारा प्रोग्राम चढवायचा निर्णय पुण्यातील किंवा बंगळुरूतील कार्यालयात, वेगवान संगणकावर, एका मिनिटात होतो, आणि त्याची किंमत देवबागच्या वाडीतील माणूस आपल्या डेटाच्या पॅकमधून, मोबाइलच्या बॅटरीतून आणि वेळेतून रोज फेडतो. चढवणाऱ्याला ती किंमत दिसत नाही, म्हणून तो ती मोजत नाही. हीच स्थिती एकोणिसाव्या शतकात जहाजांची होती. माल भरण्याचा नफा मालकाचा होता आणि बुडण्याचा धोका खलाशांचा. चांगुलपणाच्या आवाहनाने ते सुटले नाही. सॅम्युअल प्लिम्सॉल यांच्या दीर्घ लढ्यानंतर 1876 च्या कायद्याने ब्रिटिश जहाजांच्या अंगावर भाररेषा रंगवणे सक्तीचे झाले, आणि 1890 मध्ये ती रेषा नेमकी कुठे असावी हेही कायद्याने ठरवले. ती रेषा पाण्याखाली गेली की जहाज जास्त भरले आहे, हे धक्क्यावरील कोणालाही वाद न घालता दिसू लागले. संकेतस्थळाला अशीच भाररेषा हवी. पान घडवण्याआधीच वजन, फेऱ्या आणि प्रोग्राम यांची कमाल मर्यादा लिहून ठेवायची, आणि नवे काही चढवायचे असेल तर आधी काही उतरवायचे, अशी पद्धत अनेक जाणते रचनाकार आज पाळतातही. सार्वजनिक सेवेच्या संकेतस्थळांना ती निविदेच्या अटींमध्येच घालता येईल.

अभियंता : आणि जे एकदा आणले ते पुन्हा आणायचे नाही, हा नियमही त्या रेषेबरोबर यायला हवा. त्याचा दाखला सिंधुदुर्ग किल्ल्यातच आहे, ज्याची पायाभरणी 25 नोव्हेंबर 1664 रोजी झाली. चारी बाजूंनी खारे पाणी असलेल्या त्या बेटावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. पावसाळ्यात समुद्र खवळला आणि किनाऱ्याशी वाट तुटली, तरी किल्ला पाण्यासाठी होडीवर अवलंबून राहत नसे. ब्राउझरलाही पानाचे न बदलणारे भाग मोबाइलमध्येच साठवता येतात, आणि नीट रचना केली तर रेंज गेल्यावरही शेवटी पाहिलेला मजकूर दाखवता येतो. जाळे उभारणाऱ्यांनी आजवर होडी मोठी करण्याचा विचार केला, आणि तो पुढेही करावा लागेल. पण किल्ल्यात विहीर आहे की नाही, हे त्यांनी पान घडवणाऱ्यांना विचारले नाही, ही उणीव होती.

रचनाकार : आणि पान घडवणाऱ्यांनी होडी किती वेळा जाते हे कधी मोजले नाही, ही त्यांची उणीव होती. काका, कोणतेही संकेतस्थळ लोकांपुढे ठेवण्याआधी ते एकदा पाच वर्षे जुन्या मोबाइलवर, जुलैच्या पावसात, देवबागेत उघडून पाहावे, म्हणजे एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असलेल्या त्या अरुंद पट्टीवर ते किती सेकंदांत वाचता येते हे कळेल. जे पान तिथे पार पडते ते मुंबईत आपोआप वेगवान ठरते. मुंबईत वेगवान ठरलेले पान मात्र तिथे पार पडेलच असे नाही.

दोन्ही दृष्टी अशा रीतीने एकमेकींना खोडून न काढता पूर्ण करतात. जाळे नसेल तर हलके पानही पोहोचत नाही, आणि पान जड असेल तर जाळ्यावर खर्च केलेला पैसा फेऱ्यांत, पाळतीत आणि मोबाइलच्या रांगेत विरून जातो. वेग हा तारेचा गुण आहे असे समजून तार विकली गेली आणि विकत घेतली गेली, परंतु वाचकाला जाणवणारा वेग तार, फेऱ्या, प्रोग्राम आणि मोबाइलवरचा भार या चारांच्या मेळाने ठरतो, आणि त्यांपैकी तीन गोष्टी मुख्यतः पान घडवणाऱ्याच्या निर्णयाने हलक्या किंवा जड होतात. म्हणून सिक्स-जी आले तरी प्रतीक्षा संपेल अशी खात्री देता येत नाही. जोवर भार चढवणाऱ्याला भार वाहणारा दिसत नाही, तोवर वाढलेला प्रत्येक मेगाबिट नव्या भाराने भरला जाईल. मालवणच्या जेटीवर प्रवासी होडीत किती माणसे बसवायची याला मर्यादा असते, आणि धक्क्यावर कितीही गर्दी असली तरी ती ओलांडू नये असे सर्वांना पटते, कारण होडी वल्हवणारा आणि होडीत बसणारा एकाच पाण्यावर असतात. संकेतस्थळ घडवणाऱ्याला हे एकच पाणी जाणवावे, एवढ्यासाठी भाररेषा हवी.